रंग ओला आहे तोवर

कुताइसीत वारा पूर्वेकडून येतो,
नदीच्या गोट्यांवरून, दार न वाजवता.
त्सियालाच्या पाट्यांच्या कारखान्यात
त्याला कुणी बसायला सांगत नाही.

दाराला ओलं गोणपाट,
खिडकीच्या फटींना चिकटपट्टी,
पत्र्याला आतून ताणलेलं प्लास्टिक.
लोकरीचा स्वेटर घालून आत गेलात
तर ती आधी तुमचे खांदे बघते,
मग तोंड.

बाहेरची धूळ एक वेळ परवडली.
घरचीच अवघड.
मागच्या खोलीत राउटर गुरगुरतो,
प्लायवूडमधून अक्षर सोडवून आणतो,
आणि जे अक्षर नव्हतं
ते भुसा होऊन हवेत राहतं,
जायची घाई नसल्यासारखं.
त्यांच्या लिपीत सरळ रेघ औषधाला.
सगळ्या वाट्या, कमानी, आकडे.
वळण जितकं जास्त तितका भुसा जास्त,
आणि बसतोही तो वळणातच.

रंगाच्या दिवशी झाडू उचलायचा नाही,
हा नियम तिच्या नवऱ्याचा, नोदारचा.
त्याने सव्वीस वर्षं नियम पाळले,
मास्क तेवढा लावला नाही,
मास्कमधून शीळ घालता येत नाही म्हणून.
आता तो घरी असतो,
श्वासाच्या यंत्राशेजारी,
आणि दहाच्या ठोक्याला फोन करतो:
सडा घातलास?

घालते ती. आपण अंगणात घालतो तसाच,
हात गोल फिरवत, सिमेंटवर.
फक्त वर रांगोळी नाही.
मग चिकट फडकं, प्रत्येक अक्षराच्या कडेने,
तापलेल्या कपाळावरून फिरवावं तसं.
मग दिवा तिरपा धरून बघणं.
तिरप्या उजेडात
स्वच्छ म्हणावं असं काहीच उरत नाही.

बाद्री नवा आला तेव्हा
अॅक्रिलिकच्या धुळकट तावावर
बोटाने अक्षरं काढत बसायचा.
तिने एकदा ओरडायला तोंड उघडलं,
आणि ताव बघून मिटलं.
पोराची कमान चांगली होती.
आपल्याकडे याला धुळाक्षरं म्हणतात
हे तिला कोण सांगणार.
तिने ताव पुसला,
आणि पोराला ब्रश दिला.

या आठवड्यातली पाटी गोचाच्या भट्टीची.
शब्द एकच: पुरी.
त्यांची पुरी तळत नाहीत,
भट्टीच्या भिंतीला थापतात,
म्हणजे पाव.
चार अक्षरं, लाल, तिसरा हात,
आरशासारखी ओली, दोरीवर टांगलेली.
तेवढ्यात गोणपाट बाजूला करून
गोचा स्वतः. आनंदाने. कोपरापर्यंत पीठ.

"धूळ!" ती किंचाळली.
त्याने मागे वळून पाहिलं.
"कुठे?"
आणि हात उडवले, कुठेच नाही असे.

त्याला बाहेर काढलं.
तो काचेला नाक लावून उभा राहिला,
चार अक्षरं वाचायला त्याला बराच वेळ लागला.
बाद्री पुटपुटला, याला वाचता येतं का नीट?
"येतं," ती म्हणाली, "तो पोट भरून बघतोय."

शेवटच्या अक्षराच्या कमानीवर एक कण.
चिमटा घेतला, ठेवला.
काढायचा म्हणजे वाळू द्यायचं,
घासायचं, घासलं की धूळ,
पुन्हा सडा, पुन्हा हात,
आणि गुरुवारी दुकान उघडायचं आहे.
काचेतून गोचाने खूण केली: काय झालं?
तिने खूण केली: काही नाही.
खरं तर त्यांच्यात खोटं बोलायची
ही पहिलीच वेळ नव्हती,
मागच्या हिवाळ्यात पाव शिळा निघाला होता.

दहा वाजले. फोन.
सडा घातलास?
घातला.
काही बसलं?
तिने दिवा तिरपा केला.
कण तसाच, लाल होऊ लागलेला.
"पीठ," ती म्हणाली.

पलीकडे यंत्राचा श्वास,
मग काहीतरी सुटलं,
हसू की खोकला, ओळखू येईना.
फोन कानाशी धरून
ते खाली बसेपर्यंत
ती हलली नाही.